अर्ध्या इंचाची गोष्ट

मराठी भाषेने छातीवर जेवढे ओझे टाकले आहे तेवढे दुसऱ्या कुठल्याही अवयवावर टाकलेले नाही. सांगायचे ते छातीठोक सांगायचे, संकट आले की छातीचा कोट करायचा, पोरीची पाठवणी छातीवर दगड ठेवून करायची, आणि सावकार दारात दिसला की हीच छाती धडधडायला लागते. एवढा कामाचा अवयव, पण तो मोजून किती भरतो हे आमच्या बोरी अरबात कोणी कोणाला विचारल्याचे मला आठवत नाही. विचारले ते फक्त सरकारने. एकदा मला, १९६९ साली. आणि आता माझ्या नातवाला.

नातवाचे प्रकरण असे आहे. पोलीस शिपाई व्हायचे तर मुलाची उंची १६५ सेंटिमीटर लागते आणि छाती न फुगवता ७९. फुगवली की त्यात किमान ५ सेंटिमीटरची भर पडली पाहिजे. उंची त्याने आपल्या आईच्या माहेराहून आणली, ती चांगली १७२ आहे. छाती मात्र आमच्या घराण्याची. ७६. मौज अशी की या छातीला गुण नाहीत. धावण्याला आहेत, ७.२६० किलोचा गोळा फेकण्याला आहेत, लेखी परीक्षेला तर शंभर आहेत. छातीला शून्य. ती नुसती दारावर उभी राहते. भरली तर आत या, नाही तर गावची गाडी पकडा. घरची चार एकर कोरडवाहू, त्यात सोयाबीन की पऱ्हाटी याचा दरवर्षी होणारा वाद, आणि दोन्हींचा शेवट सारखाच. पोराचे वय अजून एखाददुसऱ्या भरतीला पुरेल एवढेच. तेव्हा हे तीन सेंटिमीटर म्हणजे आमच्या घरात हसण्याचा विषय नाही. मी हसतो, कारण घरात एकाने तरी हसावे लागते.

पोराने तालुक्याला जाऊन जिम लावली. पहिल्या आठवड्यातच मला ज्ञान द्यायला लागला.

"आबाजी, सोमवार चेस्ट डे."

"अन् मंगळवार?"

"मंगळवारी बॅक."

"म्हणजे सोमवारी छाती आणि मंगळवारी पाठ. बरं मग शनिवारी?"

"शनिवारी लेग."

मारुतीच्या वारी तंगड्या! आमच्या वस्तादांनी हे ऐकले असते तर त्यांनी त्या जिमवाल्याला अडाण नदीच्या वाळूत उभा पुरला असता.

आमच्या वेळी अभ्यासक्रम सोपा होता. मारुतीच्या देवळामागे आखाडा, आखाड्यात माती, आणि मातीच्या कडेला मांडी घालून बसलेले वस्ताद. व्यायामशास्त्र एका शब्दाचे होते. "वस्ताद, छाती भरत नाही." "जोर मार." "वस्ताद, दंड भरत नाहीत." "जोर मार." "वस्ताद, रात्री झोप लागत नाही." "कितीक मारले आज जोर?" "पन्नास." "मंग कशी लागन बे झोप?" फार झाले तर ते दोन विटा देत. हात विटांवर ठेवायचे म्हणजे छाती आणखी खाली जाते. त्यातही एखादा पोरगा सराईत झाला की वस्ताद दुसऱ्या एखाद्या बारक्याला त्याच्या पाठीवर बसवीत. मी बरेच दिवस तो बारका होतो.

१९६९ साली मी एका सरकारी खात्याच्या भरतीला गेलो. खात्याचे नाव सांगत नाही, इतक्या वर्षांनी कशाला. मैदानावर रांग होती. टेपवाल्याने टेप गुंडाळली आणि "फुगव" म्हणाला. मी अशी फुगवली की डोळ्यांपुढे काजवे चमकले, आणि नेमका ऐन वेळी खोकला आला. अर्धा इंच कमी. टेपवाल्याने पुढच्याला हाक मारली. माझ्या आयुष्यातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय त्याने पेन्सिल न उचलता दिला. गावी आल्यावर वस्ताद म्हणाले, "टेप आवळली असन त्यानं." बाबा काहीच म्हणाले नाहीत. ते बैलांना चारा टाकायला गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले.

पुढे मी मास्तर झालो. त्या धंद्याला छाती लागत नाही, घसा लागतो. पण तो अर्धा इंच डोक्यात राहिला, आणि मी छातीविषयी मिळेल ते वाचत सुटलो. दुसरी माणसे अशा वेळी अध्यात्माकडे वळतात.

वाचनाची सुरुवातच जड झाली. बडोद्याच्या मुजुमदारांनी संपादन केलेला व्यायाम ज्ञानकोश दहा खंडांचा आहे. १९३६ पासून तो निघू लागला. नुसता खंड छातीशी धरून ग्रंथालयाचा जिना चढलो तरी त्या दिवसाचे जोर माफ करावेत असे मला वाटे. त्या काळी व्यायाम म्हटले की बडोदे. जुम्मादादांची तालीम, तिथले प्रोफेसर माणिकराव, सयाजीरावांचा आश्रय. शरीराची विद्या कागदावर उतरली पाहिजे ही बुद्धी या मंडळींना झाली म्हणून बरे. नाहीतर आमच्या वस्तादांचा एक शब्द तेवढा शिल्लक राहिला असता.

पण मला सगळ्यांत आवडले ते औंधचे राजे. भवानराव पंतप्रतिनिधी. सूर्यनमस्काराचा त्यांनी केवढा प्रसार केला हे सगळ्यांना माहीत आहे. आपल्या संस्थानच्या शाळांत त्यांनी नमस्कार सक्तीचे केले, १९३८ साली त्यावरचे इंग्रजी पुस्तकही विलायतेत निघाले. पण हेच राजेसाहेब त्याआधी जवळजवळ दहा वर्षे सँडोचे चेले होते हे फारसे कोणी सांगत नाही. १८९७ च्या सुमारास त्यांनी सँडोची पुस्तके आणि साधने मागवली आणि नेमाने डंबेल्स हलवल्या. १९०८ च्या आसपास मिरजेच्या राजांचे पाहून ते नमस्कारांकडे वळले. म्हणजे ज्या माणसाने महाराष्ट्राला देशी व्यायाम शिकवला तोसुद्धा आधी तालुक्याच्या जिमला जाऊन आला होता! हे नातवाला सांगितल्यापासून तो औंधच्या राजांना फार मानतो.

आता हा सँडो कोण? बोरीच्या कापडदुकानात जाऊन "सँडो द्या" म्हणा, तुमच्या हातात बिनबाह्यांचे बनियन पडेल. ज्याच्या नावाने बनियन खपते तो माणूस जर्मनीचा, १८६७ चा जन्म, खरे आडनाव म्युलर. रुंद छातीचे प्रदर्शन करून जगभर पैसे कमवावेत ही कल्पना त्याची. १९०१ साली त्याने लंडनला शरीरसौष्ठवाची मोठी स्पर्धा भरवली, तिच्या परीक्षकांत शेरलॉक होम्सचे कर्ते कॉनन डॉयल होते. खुनी शोधणाऱ्याला स्नायू शोधायला लावले. १९०४-०५ च्या सुमारास स्वारी हिंदुस्थानातही येऊन गेली. टपालाने तो हलक्या डंबेल्स विकायचा आणि त्या रोज हलवल्या की तुम्ही माझ्यासारखे व्हाल असे सांगायचा. स्वतः मात्र अट्टिला नावाच्या गुरूकडे चांगली जड वजने उचलून तयार झालेला! वर शक्तीसाठी म्हणून कोकोची पूडही विकायचा. नातवाच्या जिममध्येही एक पावडरचा डबा आहे. त्यावरच्या माणसाची छाती पाहिली की डबा घ्यावासा वाटतो आणि किंमत पाहिली की माणसाला परत ठेवावेसे वाटते.

सँडोला आमचे उत्तर राममूर्ती. कोडी राममूर्ती नायडू, आंध्रचा माणूस, पण सर्कशीमुळे सगळ्या देशाचा झालेला. आडवा पडायचा, छातीवर फळी, आणि फळीवरून हत्ती. छातीभोवती लोखंडी साखळी बांधायचा आणि श्वास भरून ती तोडायचा. तो १९४२ साली वारला, पण आमच्या लहानपणी गावातली जुनी माणसे राममूर्ती कालच येऊन गेला असे सांगत. मला हत्तीचे तितकेसे कौतुक वाटले नाही. साखळीचे वाटले. एक माणूस श्वास भरून लोखंड तोडतो आणि आपल्याला कापडाची टेप अर्धा इंच हलवता येत नाही!

अमरावतीची गोष्ट अभिमानाची आहे, ती थोडक्यात सांगतो. १९१४ साली वैद्य बंधूंनी तिथे हनुमान आखाडा काढला, त्याचेच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झाले. १९३६ साली त्यांचा संघ बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी जर्मनीला जाऊन आपले देशी खेळ दाखवून आला. वऱ्हाडातली पोरे, जोर, बैठका आणि मल्लखांबावर वाढलेली. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला ऊर्जितावस्था आणली, तो यांच्या मांड्यांखाली आणि छातीखाली घासून गुळगुळीत झालेला. हे मंडळ आजही मोठे आहे. या पोरांनी छातीसाठी बेंच पाहिलाही नव्हता.

आता बेंचकडे येतो, कारण घरातला खरा तंटा तिथे आहे. नातू म्हणतो, बेंच प्रेसशिवाय छाती नाही. मी म्हणतो, बेंच नव्हता तेव्हा काय माणसे पाठीला पोट लावून फिरत होती? इतिहास माझ्या बाजूने आहे. पाठीवर पडून वजन ढकलायचा प्रकार जुना, पण पाटावर नाही, जमिनीवर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला हॅकेनश्मिट नावाच्या पैलवानाने जमिनीवर पडून सुमारे १६४ किलो वर ढकलले होते. तरी पुष्कळ वर्षे वजन उचलणाऱ्या लोकांत हा प्रकार कमी दर्जाचा मानला जाई. उचलायचे तर उभ्याने उचला! १९५० च्या दशकात बेंचला वजन ठेवायचे खांब रुळले, कॅनडाच्या डग हेपबर्नने ५०० पौंड म्हणजे २२७ किलो ढकलून दाखवले, आणि मग जो तो आडवा झाला. १९७२ साली पॉवरलिफ्टिंगचा आंतरराष्ट्रीय महासंघ निघाला, त्यात बेंच प्रेसला रीतसर पाट मिळाला. त्याच सुमारास मी वस्तादांना मासिकातले चित्र दाखवले होते. त्यांनी ते उभे-आडवे करून पाहिले. "हा झोपून काय करून रायला बे?" "छातीचा व्यायाम." "झोपून कायचा व्यायाम? झोपून त म्हतारा खोकलते."

मध्येच एक सांगायचे राहिले. १९५१ साली मनतोष राय आणि १९५२ साली मनोहर आइच या दोघा बंगाल्यांनी आपापल्या गटात मिस्टर युनिव्हर्सचा किताब आणला. आइच तर पाच फुटांनाही कमी, आणि अंग कमावले ते इंग्रजांच्या तुरुंगात. २०१६ साली शंभरी ओलांडून वारले. उंचीवाल्यांनी हे लक्षात ठेवावे.

तर शास्त्र काय म्हणते? छातीच्या मोठ्या स्नायूचे मुख्य काम एकच, बाजूला असलेला हात पुढे आणून शरीरासमोर मिटवणे. गळाभेट घेताना आपण करतो तेच. त्याचा एक भाग गळ्याच्या हाडापासून निघतो, मोठा भाग छातीच्या मधल्या हाडापासून. म्हणून बेंचचे डोके थोडे उंच केले की वरच्या भागावर जोर येतो, आणि दोन दांड्यांवर लटकून पुढे झुकत डिप्स मारले की खालच्या. नातवाने मला मोबाइलवर एक अमेरिकन चाचणी दाखवली, २०१२ ची. छातीच्या नऊ व्यायामांत स्नायू किती जागा होतो ते विजेच्या तारा लावून पाहिले होते. पहिला बेंच प्रेस, पाठोपाठ हात मिटवायचे यंत्र, मग दोरीचे यंत्र. आणि तळाला कोण? पुशअप. म्हणजे आमच्या जोराचा विलायती मामेभाऊ! त्या दिवशी मला जेवण गेले नाही. वस्तादांची खोली नदीच्या पुरात गेली तेव्हाही मला इतके वाईट वाटले नव्हते.

पण मीही मास्तर आहे. शोधता शोधता २०१७ चा एक जपानी प्रयोग सापडला. त्यांनी दोन गट केले, एकाला पुशअप, दुसऱ्याला तेवढ्याच भाराचा बेंच प्रेस, आठ आठवडे. शेवटी छातीचा स्नायू दोघांचा सारखाच जाड झाला. म्हणजे स्नायूला बेंच कळत नाही आणि माती कळत नाही, भार कळतो. भार पुरेसा असला, शेवटचे दोन-चार आवर्तन जिवावर आले, आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी भार थोडा वाढवला की तो वाढतो. जोराची अडचण एवढीच की पोराला एका दमात चाळीस-पन्नास यायला लागले की भार पुरेनासा होतो. बेंचवर मात्र दांडीला आणखी एक चकती लावता येते. आणि आमचे वस्ताद काय करीत होते? पाठीवर बारका बसवीत होते! मीच ती चकती होतो आणि मला पन्नास वर्षे कळले नाही.

एवढे झाल्यावर आम्हा आजा-नातवात तह झाला. आठवड्यातून दोनदा बेंच प्रेस, त्यातले काही डोके उंच करून, आणि डिप्स. घरी विटांवर जोर.

तहाच्या कागदपत्रांवर सह्या होण्याआधी आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली, आणि ती लक्षात यायला मला शहात्तर वर्षे लागावीत याची लाज वाटते. टेप छातीवर ठेवत नाहीत. ती पाठीमागून फिरवून आणतात! म्हणजे जो आकडा छातीचा म्हणून लिहिला जातो त्यात निम्मी पाठ असते. बगलेखालून पसरणारा पाठीचा स्नायू वाढला की छाती वाढली, सरकारदरबारी. मग पुलअप आले, वाकून दांडी ओढणे आले. मंगळवारची पाठ ही सोमवारच्या छातीचीच धाकटी बहीण निघाली. जिमवाल्याची मी मनातल्या मनात माफी मागितली.

फुगवण्याचे पाच सेंटिमीटर हा तर वेगळाच मामला. ते स्नायूचे काम नव्हे, बरगड्यांचे आणि श्वासाचे. १९३० च्या दशकात अमेरिकेत एक पंथ निघाला होता. खांद्यावर जड वजन घेऊन वीस बैठका मारायच्या, प्रत्येकीला धापा टाकायच्या, आणि लगेच आडवे पडून वजन डोक्यामागे नेत आणत छातीचा पिंजरा रुंद करायचा. बैठकांनी माणसे जाडजूड झाली हे खरे, पण वाढ पुरी झालेल्या माणसाचा पिंजरा त्याने रुंदावतो हे काही सिद्ध झाले नाही. पाच सेंटिमीटर साधायचे तर श्वास सावकाश, बरगड्या बाजूला उघडत, खांदे न उचलता भरायचा सराव करावा लागतो. त्यातही पेच आहे. पहिल्या मापाला श्वास पूर्ण सोडला तर ७९ भरत नाही, थोडा राखून ठेवला तर पुढे ५ ला कमी पडतो. महिनाअखेरच्या पगारासारखे. रोज पहाटे नातू अंगणात श्वास भरतो आणि त्याची आजी चुलीवरून विचारते, "आता सोडू देता का नाई त्या लेकराले?"

खाण्याचे खाते तिच्याकडे आहे. पावडरचा डबा आणला नाही. अंडी, भिजवलेले हरभरे, शेंगदाणे, तुरीचे घट्ट वरण, दूध. पोराचे वजन चार महिन्यांत पाच किलोंनी वाढले.

माप घ्यायला आम्ही गावातल्या शिंप्याकडे जातो. त्याची टेप जुनी आहे, एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर. पहिल्या महिन्याला ७६ चे ७६.५ झाले, मग ७७.५. परवा गेलो. नातवाने सदरा काढला, शिंप्याने टेप फिरवली, चष्मा कपाळावर सारला, पुन्हा खाली घेतला.

"साडेअठ्ठ्याहत्तर."

"अन् फुगवून?"

"चौऱ्यांशी."

फुगवलेली भरली होती, भर अगदी साडेपाचची. न फुगवलेली राहिली होती.

"आता कितीक पाह्यजे मास्तर?" शिंप्याने विचारले.

"अर्धा," मी म्हणालो, आणि माझा मलाच आवाज वेगळा वाटला.

"इंच?"

"नाही. सेंटिमीटर."

शिंप्याने आमच्या दोघांकडे पाहिले. मग हळूच म्हणाला, "टेप जराशी ढिली धरू काय?"

"भरतीच्या दिवशी मैदानावर तू येशील का टेप धरायला?"

तो हसला. नातू हसला नाही. त्याने सदरा घातला, घरी येईपर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि आल्या आल्या अंगणात दोन विटा मांडल्या. चौथीतली त्याची बहीण शाळेतून येऊन ओट्यावर बसली होती.

"ये वं," त्याने तिला हाक मारली. "बस."

ती दप्तरासकट त्याच्या पाठीवर बसली.

"दप्तर ठेवून दे ना बाई," तिची आजी आतून म्हणाली.

"राहू द्या," तो विटांवरूनच म्हणाला आणि खाली गेला.

मी ओट्यावर बसून मोजायला लागलो.